संगणकाची आभासी स्मृती

शाळेतील संगणक मंदावला की ‘व्हर्च्युअल मेमरी’चे आकडे बदलून पाहण्याचा मोह शिक्षकांस होतो. त्यापूर्वी ही योजना समजून घेणे इष्ट होय.

चालू काम रॅममध्ये राहते. ती अपुरी पडू लागली म्हणजे त्या क्षणी न लागणारी पाने विंडोज डिस्कवरील पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते व लागताच परत आणते. टेबलावर न मावणाऱ्या वह्या शिक्षकाने कपाटात ठेवाव्यात, तसेच हे. मँचेस्टर विद्यापीठातील १९६२ च्या ॲटलस संगणकात ही युक्ती प्रथम योजिली गेली. तेथे कपाटाचे काम चुंबकीय ड्रम करी. परंतु कपाट टेबलापासून दूर असते! फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून एक पान आणावयास काही मिलिसेकंद लागतात. रॅमला त्याचा सुमारे लाखावा अंश पुरतो. म्हणून पेजफाइल वाढविल्याने संगणक जलद होत नाही. काम अडून पडत नाही, इतकेच.

डिस्कवरील जागा वाचविण्यासाठी पेजफाइल बंद करणे मात्र घातक. स्मृती संपताच प्रोग्राम मध्येच बंद पडतो आणि जतन न केलेले निकालपत्रक बुडते.

‘सिस्टिम प्रॉपर्टीज’, ‘ॲडव्हान्स्ड’, ‘परफॉर्मन्स’खालील ‘सेटिंग्ज’, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘चेंज’ अशा क्रमाने जावे. तेथे ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ने आरंभ होणाऱ्या ओळीपुढील चौकटीत खूण असावी. नसल्यास ती करून संगणक पुन्हा सुरू करावा. त्यानंतरही, अनावश्यक खिडक्या मिटूनसुद्धा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा सतत शंभर टक्क्यांच्या आसपास राहत असेल, तर अधिक रॅमची मागणी मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावी.