चेहऱ्यात टोचावयाची द्रव्ये : आधी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

१८९९ साली व्हिएन्ना येथील शल्यवैद्य रॉबर्ट गेर्झुनी यांनी शरीरातील खोलगट भाग भरून काढण्यासाठी व्हॅसलीनसारखे द्रव्य सुईने टोचून पाहिले. लौकरच वितळविलेले पॅराफिन बसक्या नाकांत व सुरकुतलेल्या गालांत टोचण्याची लाट युरोप व अमेरिकेत उसळली. आरंभी चेहरे खरोखर सुंदर दिसत. परंतु काही वर्षांनी त्या मेणाच्या गाठी होत, ते जागचे हले, कातडी फुटून व्रण पडत. ते बाहेर काढावे म्हटले तर आसपासच्या मांसात इतके मिसळून गेलेले असे की, काढणे जवळजवळ अशक्य होई. काही रुग्णांची दृष्टीही गेली.

आजची द्रव्ये त्या मेणाहून पुष्कळच सुरक्षित आहेत. तथापि त्या अनुभवातून निघालेले दोन प्रश्न जुने झालेले नाहीत : आत घातलेले द्रव्य परत नाहीसे करता येते काय, आणि सुई शिरते त्या जागी कोणती रक्तवाहिनी आहे?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. लोक बोटॉक्स आणि फिलर ही नावे एकाच अर्थाने वापरतात. वस्तुतः ती अगदी भिन्न आहेत. पहिले स्नायूला शिथिल करते, दुसरे पोकळी भरते.

बोटॉक्स हे एका जंतुविषाचे व्यापारी नाव होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील वैद्य व कवी युस्टिनुस केर्नर यांनी नासक्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला. सॉसेजच्या लॅटिन नावावरूनच या विषाला बोट्युलिनम हे नाव मिळाले. ज्ञात विषांत याच्याइतके जहाल विष क्वचितच सापडेल. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते व त्याच्या संदेशाने स्नायू आकुंचन पावतो. हे विष त्या द्रव्याची सुटका अडविते. सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनी १९८० साली तिरळेपणावर त्याच्या अत्यल्प मात्रेचा उपयोग प्रसिद्ध केला. पुढे व्हँकूव्हर येथे जीन कॅरुथर्स पापण्यांच्या विकारावर ते वापरीत असता भुवयांमधील आठ्या नाहीशा झाल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांनी व त्यांचे पती अलास्टेर यांनी १९९२ साली तो अनुभव प्रसिद्ध केला.

परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांनी ओसरतो. कपाळ आक्रसल्याने पडणाऱ्या रेषा त्याने जातात. चेहरा स्वस्थ असतानाही दिसणाऱ्या खोल रेषा किंवा लोंबलेली कातडी यांना त्याचा फारसा उपयोग नाही. विष शेजारच्या स्नायूपर्यंत पसरले तर पापणी खाली येते. त्यावर तत्काळ उतारा नाही. काही आठवडे थांबावेच लागते. निरनिराळ्या कंपन्यांच्या कुप्यांवरील एककेही सारखी नसतात, म्हणून एकीचा हिशेब दुसरीला लावता येत नाही. २००४ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, माणसांसाठी नसलेले तीव्र विष टोचल्यामुळे चौघांना भयंकर पक्षाघात होऊन कृत्रिम श्वासोच्छ्वासावर राहावे लागले. स्वस्त कुपीची ही किंमत होय.

फिलर, म्हणजे भरणद्रव्य, बहुधा हायल्युरॉनिक आम्लाचे असते. कार्ल मेयर व जॉन पामर यांनी १९३४ साली ते गुरांच्या डोळ्यांतील काचेसारख्या रसातून वेगळे केले. ते आपल्या कातडीतही असते, पण तेथे ते झपाट्याने विरघळते. म्हणून त्याचे रेणू एकमेकांना जखडून घट्ट लगदा करतात व तो सहा महिन्यांपासून वर्ष-दीड वर्ष टिकतो. त्याचा मोठा गुण असा की, हायल्युरोनिडेज नावाचे पाचकद्रव्य टोचून तो विरघळविता येतो. कॅल्शियमच्या कणांचे किंवा प्लॅस्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांचे भरणद्रव्य मात्र अशा रीतीने विरघळत नाही. ‘कायमचे टिकते’ ही जाहिरातीतील प्रशंसा वाचताना हे ध्यानात ठेवावे, कारण चेहरा काही कायमचा तसाच राहत नसतो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. डोळ्याच्या दृष्टिपटलाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्याच काही शाखा कपाळावर व नाकाच्या मुळाशी बाहेर येतात. शेताच्या शेवटच्या चारीतून कोणी जोराने उलट पाणी दाबले तर ते मुख्य पाटापर्यंत चढेल आणि दाब सुटताच दुसऱ्याच चारीत शिरेल. त्याचप्रमाणे सुई नकळत रोहिणीत शिरली तर लगदा प्रवाहाविरुद्ध मागे जातो, व दाब सुटताच डोळ्याकडे वाहून जातो. थेंबभर लगदाही पुरतो. असे क्वचितच घडते. पण दृष्टिपटल रक्तावाचून फार तर तास-दीड तास तग धरते आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. भुवयांमधील जागा, नाक व कपाळ येथे हा धोका अधिक. रोहिणी जवळच्या कातडीची असेल तर ती पांढरी पडते, मग तिच्यावर जाळीदार निळसर डाग उठतात व बहुधा वेदना होतात. वेळीच पाचकद्रव्य टोचल्यास ती वाचू शकते. म्हणून ते त्या खोलीत तयार आहे काय, हे आधीच विचारावे. ज्याला हा प्रश्न अपमानास्पद वाटेल त्याच्याकडून टोचून घेऊ नये. सौंदर्यगृहातील कारागीर कितीही कुशल असला तरी या रोहिण्यांचा नकाशा त्याला शिकविलेला नसतो. सुईवाचून दाबाने द्रव्य आत घालणाऱ्या लेखणीसारख्या उपकरणांविरुद्धही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली लोकांना सावध केले.

गर्भारपण, अंगावर पाजणे, मायस्थेनियासारखे स्नायूंचे विकार, रक्त पातळ करणारी औषधे, चेहऱ्यावरील पुळी अथवा दाताचा पू, यांपैकी काही असल्यास वैद्याला सांगावे. लग्नकार्याच्या ऐन आठवड्यात टोचून घेणे शहाणपणाचे नव्हे. सूज व काळेनिळे डाग उतरायला दोन आठवडेही लागतात.

त्या दिवशी दृष्टी अंधुक झाली, कातडी पांढरी पडली, अथवा पुढील दिवसांत गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. कुपी आपल्यासमोर उघडून घ्यावी आणि तिच्यावरील नाव व क्रमांक असलेली चिठ्ठी घरच्या कागदपत्रांत ठेवावी. भरणद्रव्याच्या जागी महिन्यांनंतरही, एखाद्या तापानंतर, गाठ किंवा सूज येऊ शकते, आणि तेव्हा समोर असलेल्या नव्या वैद्याला आत काय आहे हे त्या चिठ्ठीवरूनच कळेल.