अपस्मारावरील औषधोपचार : शोध, कार्य आणि सातत्य

ज्या विकाराला बोलीत फेफरे, मिरगी, आकडी किंवा नुसते ‘फीट येणे’ म्हटले जाते, त्याचे शास्त्रीय नाव अपस्मार. ‘स्मार’ म्हणजे स्मरण. ते हरपणे म्हणजे अपस्मार. चरकसंहितेतही हा विकार याच नावाने वर्णिलेला आहे. झटक्याच्या वेळी मेंदूतील असंख्य चेतापेशी एकाच वेळी, प्रमाणाबाहेर विद्युत्संदेश सोडू लागतात. या अनावर संदेशांना आवर घालणे हे आकडीरोधक औषधांचे कार्य होय. औषधाने झटके थांबतात. झटके येण्याची मूळ प्रवृत्ती मात्र सहसा औषधामुळे नाहीशी होत नाही. हा भेद न उमगल्यामुळे रुग्णांचे किती नुकसान होते, हे या घटकात पाहावयाचे आहे.

या औषधांचा इतिहास काहीसा विलक्षण आहे. १८५७ मध्ये लंडनचे वैद्य चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा गुण सांगितला. पण झटक्यांचा संबंध कामवासनेशी असतो, या चुकीच्या समजुतीतून ते त्या औषधाकडे वळले होते. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी रुग्णांना झोप लागावी म्हणून फेनोबार्बिटल दिले, तेव्हा त्यांचे झटकेच कमी झालेले आढळले. गुंगी आणणारे औषधच झटके थांबवते, असा समज यातून रूढ झाला. तो १९३८ मध्ये मोडला. बोस्टन येथे मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांवर प्रयोग करून फेनिटॉइनची निवड केली. हे द्रव्य फारशी गुंगी न आणता झटके रोखत होते. व्हॅल्प्रोएटची कथा तर याहून गमतीची! फ्रान्समध्ये ते इतर द्रव्ये विरघळवण्यासाठी वापरले जात होते. १९६३ च्या सुमारास ध्यानात आले की, गुण विरघळलेल्या द्रव्यांचा नसून विरघळवणाऱ्याचाच आहे.

फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही औषधे चेतापेशीत सोडियमचे कण शिरण्याच्या वाटा रोखून धरतात; फेनोबार्बिटल मेंदूतील शमन करणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते. मार्ग भिन्न असले, तरी अट एकच : रक्तातील औषधाची पातळी टिकून राहिली पाहिजे. फेनोबार्बिटलची निम्मी मात्रा शरीराबाहेर पडण्यास सुमारे चार दिवस लागतात, म्हणून त्याची पातळी स्थिर होण्यास दोन-तीन आठवडे जातात. पहिल्या आठवड्यातच ‘गुण नाही’ म्हणून औषध सोडणे अनाठायी ठरते, ते यामुळेच. गोळ्या एकाएकी बंद करणे त्याहून घातक. एकामागून एक झटके येत राहून रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. योग्य औषध नियमित घेतल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. किमान दोन वर्षे झटका न आल्यास औषध हळूहळू कमी करण्याचा विचार होऊ शकतो. तो निर्णय मात्र डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

दुष्परिणाम नाहीत असे नव्हे. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात. गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएटमुळे बाळात व्यंग उद्भवण्याचा धोका असतो, म्हणून मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या स्त्रीने आधीच डॉक्टरांशी बोलून औषध ठरवून घ्यावे.

पण असे मोकळेपणाने बोलणे आपल्याकडे सोपे आहे काय? हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारे अपस्माराचे झटके विवाहाच्या आड येणारी बाब ठरले होते. हा उल्लेख १९९९ मध्ये वगळण्यात आला. कायदा बदलला, परंतु मुलीचा आजार दडवून लग्न उरकण्याची रीत सर्वत्र संपली असे म्हणवत नाही. सासरी गोळी उघडपणे घेता येत नाही. मग एक दिवस चुकते, पुढे चार दिवस चुकतात आणि थांबलेले झटके परततात. अशा वेळी दोष औषधाला किंवा दैवाला दिला जातो. कांदा वा चप्पल हुंगवण्याने झटका थांबत नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे.

स्वाध्याय : अपस्माराची गोळी रोज दोन वेळा घ्यावयाची असलेल्या, अल्पशिक्षित रुग्णासाठी आपल्या परिसरातील बोलीत दहा ओळींचे सूचनापत्रक लिहा. ‘नियंत्रण’ आणि ‘बरे होणे’ यांतील फरक त्यात कोणत्या शब्दांनी स्पष्ट कराल?