फ्लूची लस आणि कॉलेजातली मुलं

मंडळी, आपल्या गावातली मुलंमुली आता शिकायला बाहेर जातात. कोणी पुण्याला जातं, कोणी कोल्हापूरला, कोणी कऱ्हाडला. तिथं ती वसतिगृहात राहतात. एका खोलीत तिघं-चौघं झोपतात. एका मेसमध्ये जेवतात. वर्गात मांडीला मांडी लावून बसतात. अशा ठिकाणी एकाला फ्लू झाला की चार दिवसांत तो खोलीभर होतो. आणखी चार दिवसांत मजलाभर होतो. मग घरोघरी एकच प्रश्न. याची लस आहे का? आणि असली तर मिळते कुठं?

हा प्रश्न मला एकदा फार जवळून पडला होता. ते पुढे सांगतो. आधी फ्लू म्हणजे काय ते पाहू.

फ्लू हा एका विषाणूने होतो. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, फार फार बारीक असा रोगाचा जीव. आजारी माणूस खोकला किंवा शिंकला की थुंकीच्या बारीक तुषारांतून तो उडतो. जवळच्या माणसाच्या नाकातोंडात जातो. साधी सर्दी निराळी आणि फ्लू निराळा, बरं का. सर्दी झालेला माणूस नाक पुसत पुसत शेतावर जातो. फ्लू झालेला माणूस अंथरूण धरतो. एकाएकी ताप भरतो, अंग मोडून येतं, डोकं ठणकतं, घसा दुखतो, कोरडा खोकला लागतो. बहुतेक माणसं आठवड्यात बरी होतात. खोकला आणि अशक्तपणा थोडे दिवस जास्त राहतो. पण काहींच्या फुप्फुसात हा रोग उतरतो. गरोदर बाया, लहान मुलं, म्हातारी माणसं, दमेकरी, मधुमेहाचे रोगी यांना त्याचा धोका जास्त.

माझी आजी 'मानमोडी'च्या गोष्टी सांगायची. मानमोडी म्हणजे 1918 सालची फ्लूची साथच. त्या वर्षी हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. तेव्हा लस नव्हती, आणि हा रोग कशाने होतो हेही कोणाला ठाऊक नव्हते.

हा विषाणू बहुरूप्यासारखा आहे. दरवर्षी थोडाथोडा वेष बदलतो. कधी कधी अगदीच नवा वेष घेऊन येतो. तेव्हा जुनी लस घेतलेल्या माणसाचे अंगही त्याला ओळखत नाही. 2009 साली असेच झाले.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत नवा फ्लू निघाला. त्याला स्वाइन फ्लू म्हणू लागले. आपल्याकडे लोक म्हणाले डुकराचा ताप. या विषाणूचा वंश डुकरांतल्या फ्लूपासून आला होता, हे खरं. पण तो पसरत होता माणसापासून माणसाला. आमच्या गावात पोरांनी डुकरं हाकलली, दगड मारले. त्या मुक्या जनावरांचा काही दोष नव्हता. जूनच्या 11 तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की ही जगभराची साथ आहे. आणि 3 ऑगस्टला या रोगाचा आपल्या देशातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यात. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती.

मग पुणं हादरलं. तपासणीसाठी नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. तोंडाला बांधायचे मास्क दुकानांतून संपले. लोक हातरुमाल बांधून फिरू लागले. शाळा आणि कॉलेजं काही दिवस बंद ठेवली.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी तेव्हा पुण्यात कॉलेजात होती. कॉलेज बंद, म्हणून मुली आपापल्या गावी निघाल्या. ती एस.टी.ने घरी आली. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. भाऊ धावत माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, गावात सगळे म्हणतात लस टोचून घ्या. तू शिकलेला माणूस. कुठून तरी आण."

मी तेव्हा शाळेत मुख्याध्यापक होतो. मी तालुक्याला गेलो. दोन औषधांच्या दुकानांत नाही म्हणाले. तिसऱ्या दुकानदाराने आत जाऊन एक डबी आणली. "शेवटची आहे, गुरुजी," म्हणाला. भाव विचारला तर नेहमीच्या कितीतरी पट. मी पैसे मोजले, डबी कागदी पिशवीत घातली, पिशवी सायकलच्या हँडलला लावली आणि उन्हातून घरी आलो.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपुढे डबी ठेवली. त्यांनी ती फिरवून पाहिली. मग मला विचारले, "गुरुजी, यावर काय छापलंय ते वाचलंत का?"

मी वाचले नव्हते. जन्मभर पोरांना वाचायला शिकवले आणि मीच वाचले नव्हते. डबीवर साल होते 2008-2009. खाली मुदत होती, ती जूनमध्ये संपलेली. म्हणजे ती गेल्या हंगामातल्या साध्या फ्लूची लस होती, आणि तीही शिळी. डॉक्टर म्हणाले, "ही ताजी असती तरी या नव्या फ्लूला चालली नसती. ही ठरली तेव्हा हा विषाणू कोणाला माहीतच नव्हता. शिवाय लस गारव्यात ठेवावी लागते. दोन ते आठ अंश. तुम्ही ती उन्हातून आणलीत." मग ते आणखी म्हणाले, "आणि गुरुजी, ताप भरल्यावर लस टोचून त्या तापाला काय होणार? लस घेतल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. पोरीला लशीची नाही, विश्रांतीची गरज आहे. आणि घरात दुसरं कोण कोण आहे ते सांगा."

घरात कोण होते? माझी म्हातारी आई होती. आणि मुलीच्या भावाची बायको होती. सातवा महिना चालू होता तिला. तीच नणंदेला पेज नेऊन देत होती, कपाळावर घड्या ठेवत होती. आम्ही कोणी तिला थांबवले नाही. लशीसाठी वणवण करण्यात आमचे दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत करायचे ते राहून गेले.

मुलगी चार दिवसांत उठून बसली. पण सूनबाईला ताप आला. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागू लागली. डॉक्टरांनी क्षणभरही न थांबता जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात पाठवले. तिथे तिला फ्लूवरच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी एक, रात्री एक, अशा पाच दिवस. या गोळ्यांचे नाव ऑसेल्टामिविर. ताप आल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा गुण चांगला येतो. ती वेळेत पोचली होती. पण ती पहिली रात्र माझ्या भावाने आणि मी इस्पितळाच्या पायरीवर बसून काढली. आमच्यात एक शब्दही झाला नाही. ती वाचली. बाळही वाचले.

पुढे मी डॉक्टरांना विचारले, "रोग एप्रिलमध्ये कळला. मग ऑगस्टपर्यंत लस का नाही?" त्यांनी सांगितले ते ऐकून मला नवल वाटले. तुम्हालाही वाटेल.

फ्लूची लस बहुतेक करून कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात. ज्यात पिल्लू धरतं अशीच अंडी लागतात. ती दहा-अकरा दिवस उबवतात. मग कवचाला बारीक भोक पाडून आत विषाणू सोडतात. दोन-तीन दिवसांत तो आत वाढतो. मग अंड्यातले पाणी काढतात, विषाणू मारतात, शुद्ध करतात, तपासतात, बाटल्यांत भरतात. एका अंड्यात साधारण एका माणसापुरती लस निघते. आता विचार करा. कोटी माणसांना लस द्यायची तर अंडी किती लागतील? कोंबड्या किती लागतील? नवा विषाणू सापडल्यापासून लस हाती यायला पाच-सहा महिने सहज जातात. ज्वारी पेरली की दुसऱ्या दिवशी कणीस मागता येत नाही. तसंच हे.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हेच झाले. तिथे सरकारने ठरवले की 6 महिन्यांपासून 24 वर्षांपर्यंतच्या सर्वांना पहिल्या रांगेत घ्यायचे. गरोदर बाया, दवाखान्यात काम करणारे आणि जुनी दुखणी असलेले यांच्याबरोबर. म्हणजे कॉलेजची पोरं पहिल्या रांगेत. याचे कारण असे, की या नव्या फ्लूची लागण तरुणांना जास्त होत होती. साठीच्या पुढच्या माणसांच्या अंगात तसल्याच एका जुन्या विषाणूची ओळख थोडीफार शिल्लक होती. पण कॉलेजं उघडली ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि लस आली ऑक्टोबरात, तीही थोडी थोडी. तोवर वसतिगृहांत रोग फिरून गेला होता. रांगेत पहिला नंबर मिळाला, पण हंड्यात पाणी नव्हते.

आपल्याकडे 2010 साली आधी बाहेरून आणलेली लस आली. ती डॉक्टर, नर्स, दवाखान्यातले कर्मचारी यांना दिली. त्या वेळी मला याचा राग आला होता. म्हटलं, स्वतःला आधी टोचून घेतात. पण इस्पितळातल्या त्या रात्री एकच नर्स दोन वॉर्ड सांभाळत होती. बाकीच्या तापाने घरी पडल्या होत्या. तीही पडली असती तर आमच्या सुनेला बघायला कोण होते? तेव्हा तो राग काही खरा नव्हता.

मग जून-जुलै 2010 मध्ये आपल्याच देशात बनलेल्या लशी निघाल्या. अहमदाबादच्या एका कंपनीने सुईची काढली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची काढली. आमच्या मुलीने पुण्यात ती नाकातली घेतली. मला फोनवर म्हणाली, "काका, सुई नाही, काही नाही. नाकात नुसता गार फवारा." गरोदर बायांना मात्र ती फवाऱ्याची लस देत नसत. तिच्यात दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. त्या पावसाळ्यात पुण्यात साथ पुन्हा आली, पण या खेपेला लस आधी हाताशी होती.

आता तो 2009 चा विषाणू नवा राहिलेला नाही. दरवर्षीच्या नेहमीच्या फ्लूत तोही मिसळला आहे. दरवर्षीच्या लशीत त्याचा भाग असतो. म्हणून आता साथ येण्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जास्त वाढतो. कॉलेजंही तेव्हाच भरतात. मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी असतो, तेव्हा मे-जूनमध्ये लस घेतली तर वसतिगृहात जाईपर्यंत अंगात ताकद तयार होते. लस एकदा घेऊन भागत नाही. दरसाल नवी घ्यावी लागते.

खाजगी दवाखान्यात ही लस महाग पडते. हजाराच्या वर जाते. सगळ्यांना परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. धडधाकट पोराला नाही घेता आली तर जीव टाकू नका. पण दमा असलेल्या, मधुमेह असलेल्या मुलासाठी पैसे बाजूला काढा. 2015 च्या साथीत महाराष्ट्र सरकारने गरोदर बाया आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना ही लस फुकट द्यायला सुरुवात केली. घरात तसे कोणी असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. एकदा नाही म्हणाले तर साठा कधी येणार ते विचारा. कॉलेजात मुलाला घालताना रेक्टरांनाही दोन गोष्टी विचारा. आजारी मुलाला वेगळे ठेवायला खोली आहे का? साथीत डॉक्टर येतात का? विचारायला लाजू नका. फी आपण भरतो.

एक गैरसमज फार आहे. लस घेतली आणि ताप आला, म्हणजे लशीनेच फ्लू झाला, असे लोक म्हणतात. सुईच्या लशीतला विषाणू मेलेला असतो. त्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, एवढेच. मात्र लस घेऊनही कधी कधी फ्लू होतो, हेही खरं. तो बहुधा हलका जातो. आणि साध्या सर्दीला ही लस लागू नाही.

मुलाला वसतिगृहात ताप आला तर लगेच गर्दीच्या एस.टी.त बसवून आणायची घाई करू नका. वाटेत तो किती जणांना देईल! तिथेच डॉक्टरला दाखवू द्या. घरी आणावाच लागला तर त्याची सोय पडवीत किंवा वेगळ्या खोलीत करा. खिडकी उघडी ठेवा. त्याचे ताट-तांब्या वेगळे. त्याच्याजवळ एकाच धडधाकट माणसाने जावे, तोंडाला फडके बांधून, आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुवावे. गरोदर सून, तान्हे मूल आणि म्हातारी आजी यांना त्या खोलीत पाऊल टाकू देऊ नका. धाप लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळे पडले, थुंकीतून रक्त आले किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर रात्र असो की दिवस, इस्पितळ गाठा.

आमच्या सुनेचे ते बाळ आता कॉलेजात जाण्याएवढे झाले आहे. लस टोचायला तो गेला तेव्हा त्याची आई बरोबर होती. नर्सने डबी उघडण्याआधी तिने ती मागून घेतली. डबीवरची इंग्रजी अक्षरं तिला येत नाहीत. आकडे येतात. तिने आधी साल वाचले, मग मुदतीचा महिना वाचला, आणि डबी परत दिली.