डोळे थकतात, दोष एकट्या पडद्याचा नाही

दुकानाचा हिशेब, जीएसटीचे विवरणपत्र, मालाची मागणी हे सारे आता आपण पडद्यावरच करतो. सायंकाळी डोळे चुरचुरले, डोके जड झाले की आपण संगणकाला दोष देऊन मोकळे होतो. परंतु मूळ कारण पुष्कळदा आपल्याच शरीरात असते.

पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात. थायरॉईडचे विकार, काही प्रकारचे संधिवात व ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनी हा कोरडेपणा वाढतो. चाळिशीनंतर जवळचा चष्मा टाळला तरीही डोळ्यांवर ताण येतो.

मधुमेहाकडे विशेष लक्ष द्यावे. रक्तातील साखर वरखाली झाली की डोळ्यातील भिंगाचा आकार बदलतो व चष्म्याचा नंबरही बदलतो. अशा वेळी केलेला चष्मा काही आठवड्यांतच निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून नंबर वारंवार बदलत असेल तर आधी साखर तपासावी. ती आटोक्यात आली की मगच चष्मा करावा.

दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फूट दूर पाहावे, म्हणजे डोळ्यांना विसावा मिळतो. मधुमेहींनी मात्र वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा आतील भाग तपासून घ्यावाच, कारण तेथील बिघाड सुरुवातीला दुखत नाही.