पाण्याखालची पाटी

अंगठीत बसवलेले लाल पोवळे तुम्ही पाहिले असेल. उर्दूत त्याला मूंगा किंवा मरजान म्हणतात. पुष्कळांना तो एखादा दगडच वाटतो. खरे तर पोवळे हे समुद्रातील अगदी लहान प्राण्यांनी तयार केलेले असते. त्यांचेच काही भाऊबंद उथळ, उबदार पाण्यात राहतात. त्यांना आपण प्रवाळ म्हणू. हे प्राणी एकमेकांना चिकटून वाढतात आणि आपल्या अंगाखाली चुन्याचा सांगाडा तयार करतात. जुन्या सांगाड्यावर नवा सांगाडा चढतो. असे हजारो वर्षे चालले, की समुद्रात प्रवाळ खडक उभा राहतो.

केरळच्या किनाऱ्यापासून दूर, अरबी समुद्रात लक्षद्वीप बेटे आहेत. ती प्रवाळांमुळेच तयार झाली आहेत. बेटांभोवतीचा खडक लाटांचा मार स्वतःच्या अंगावर घेतो, म्हणून आतील माणसे, घरे आणि नारळाची झाडे सुरक्षित राहतात. मासेही या खडकाच्या आश्रयाला येतात.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळाचा रंग आणि त्याचे बरेचसे अन्न या शैवालापासून मिळते. पाणी फार तापले, की हे शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरेफटक दिसू लागते. ते लगेच मरत नाही. पाणी लवकर थंड झाले, तर शैवाल परत येते. उष्णता लांबली, तर मात्र प्रवाळ उपाशी मरते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असे घडले. २०२४ साली पुन्हा तेच झाले.

किती प्रवाळ मेले आणि किती उरले, हे काठावर उभे राहून कसे सांगणार? त्यासाठी पाण्यात उतरून मोजावे लागते.

पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाण्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. फ्रान्सचे झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली त्यासाठी एक उपयुक्त यंत्र तयार केले. पाणबुड्याला जेवढी हवा हवी, तेवढीच ते देते. टाकीत निव्वळ प्राणवायू असतो, असे अनेकांना वाटते. सहसा तसे नसते. आपण घेतो तीच हवा तिच्यात दाबून भरलेली असते.

शिकणाऱ्याला आधी पोहून आणि पाण्यावर तरंगून दाखवावे लागते. त्याची प्रकृतीही तपासतात. मग पहिला नियम सांगतात : पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तेथे फुगवलेला फुगा वर आणला, तर तो दुप्पट मोठा होतो. आपल्या फुप्फुसांचेही तसेच आहे. श्वास कोंडून वर आले, तर ती फाटू शकतात. खुणांची भाषाही शिकावी लागते. अंगठा वर केला, की आपण ‘छान’ असे समजतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो!

पण सर्वांत अवघड आहे ते अधांतरी राहणे. कमरेला शिशाची वजने असतात आणि अंगात हवा भरता येणारे जाकीट असते. दोन्हींचा मेळ बसला, की माणूस बुडतही नाही आणि वरही जात नाही. मग श्वास घेतला, की तो किंचित वर येतो. सोडला, की किंचित खाली जातो. हे नीट जमल्याशिवाय कोणालाही प्रवाळाजवळ नेऊ नये. घुमटासारखे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. नवशिक्याची एक लाथ लागली, तर कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. जो मोजायला गेला, त्यानेच मोडले, तर त्या मोजणीचा काय उपयोग?

मोजणीच्या अनेक पद्धती आहेत. १९९६ साली सुरू झालेल्या ‘रीफ चेक’ या संस्थेची पद्धत शिकाऊ लोकांनाही जमते. खडकावर शंभर मीटर लांबीची पट्टी पसरतात. तिच्यावर वीस-वीस मीटरचे चार भाग घेतात आणि दर अर्ध्या मीटरवर खाली काय आहे, ते पाहतात. जिवंत प्रवाळ, नुकतेच मेलेले प्रवाळ, शैवाल, वाळू की खडक? एका भागात चाळीस, म्हणजे चार भागांत एकशे साठ नोंदी होतात. डोळा नेहमी सुंदर वस्तूकडे वळतो, म्हणून गवंड्यासारखा ओळंबा सोडतात. तो जेथे टेकेल, तेच लिहायचे. शेजारी कितीही देखणे प्रवाळ असले, तरी ते लिहायचे नाही. लिहिण्यासाठी प्लॅस्टिकची पाटी आणि साधी पेन्सिल असते. पेन्सिलीने पाण्यातही लिहिता येते.

लक्षद्वीपच्या अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांजवळ शास्त्रज्ञ १९९८ पासून पुन्हा पुन्हा पाण्यात उतरले. तेव्हा तेथील समुद्रतळाचा सुमारे ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. २०२२ साली तो सुमारे १९ टक्के उरला. नोंदींतून आणखी एक गोष्ट कळली. नंतरच्या प्रत्येक उष्णतेत आधीपेक्षा कमी प्रवाळ मेले, पण सावरायला त्यांना जास्त वेळ लागू लागला. नीट सावरण्यासाठी मधली सुमारे सहा वर्षे तरी उष्णतेचा तडाखा बसता कामा नये. २०१० आणि २०१६ यांच्यामध्ये जेमतेम तेवढीच वर्षे होती.