कवडशातील धूळ आणि कृष्णमेघातील कण

कौलांच्या फटीतून उतरणाऱ्या कवडशात तरंगणारे धूलिकण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. कवडसा सरकला की तेच कण दिसेनासे होतात. कण आपल्यावर पडलेला प्रकाश विखुरतो म्हणूनच तो दिसतो. आणि किती विखुरतो, हे त्याच्या आकारावर अवलंबून असते.

तारे ज्या थंड रेण्वीय मेघांत जन्मतात, ते दृश्य प्रकाशात आकाशातील काळे डाग भासतात. आंतरतारकीय धुळीचे कण बहुतांशी पाव मायक्रॉनहून लहान, असे मानले जाई. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) असे कण ३.६ मायक्रॉन तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश जवळजवळ विखुरतच नाहीत. तरीही भुजंग तारकासमूहातील एल१८३ या मेघाचा दाट गाभा स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या चित्रांत मंद उजळलेला आढळला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या शोधास ‘कोअरशाइन’ असे नाव मिळाले.

गाभा स्वतःच प्रकाशत नसेल कशावरून? आम्हा इतिहासाच्या अभ्यासकांना हा प्रश्न ओळखीचा आहे. एका साक्षीदारावर आपण कधी विसंबत नाही. येथे दुसरी साक्ष ८ मायक्रॉनच्या चित्राची. सूक्ष्म कार्बनी रेणू स्वतः प्रकाशत असते, तर या चित्रातही गाभा झळकला असता. तेथे तो काळाच आहे. म्हणजे उजेड बाहेरच्या ताऱ्यांचा, केवळ विखुरलेला.

आता आकाराचा हिशेब. कण तरंगलांबीहून पुष्कळ लहान असेल, तर त्याचा व्यास दुप्पट होताच विखुरणे ६४ पट होते. वस्तुमान मात्र ८ पटच वाढते. म्हणजे तेवढ्याच धुळीतून आठपट उजेड! कण तरंगलांबीच्या जवळ पोहोचला की हा नियम सुटतो आणि संगणकीय प्रतिमाने लागतात. त्यांतून निघालेले उत्तर असे, की गाभ्यात सुमारे एक मायक्रॉनचे कण असले पाहिजेत. तारा जन्मण्यापूर्वीच धूळ एकमेकींस चिकटून वाढू लागली होती. ग्रहांच्या घडणीची ही पहिली पायरी.

हा आकडा मोजपट्टीने घेतलेला नव्हे, अनुमानाने काढलेला आहे. कण भरीव की सच्छिद्र, बाहेरून प्रकाश किती येतो, यांवर तो हलतो. तपासलेल्या ११० गाभ्यांपैकी सुमारे निम्म्यांतच हा उजेड दिसला. उरलेल्यांत मोठे कण नाहीत, असे मात्र म्हणता येत नाही. आकाशगंगेच्या पट्ट्यात पार्श्वभूमीच इतकी तेजस्वी असते की मंद उजेड तिच्यात बुडून जातो.