खांदा धरला तर

अगं, काल पोह्यांचा डबा काढायला तू स्टूल ओढलंस, तेव्हाच मी ओळखलं. उजवा हात वर जात नाही ना? वेणी घालताना हात डोक्याकडे नेण्याऐवजी डोकंच हाताकडे झुकवतेस. मीही दोन वर्षं तेच केलं.

तुझ्या साखरेला चौदा वर्षं झाली. तेव्हा ‘झोपेत अवघडला असेल’ म्हणून नुसता बाम चोळत बसू नकोस. एरवी शंभरात दोन ते पाच जणांचा खांदा असा धरतो, मधुमेह असला की दहा ते वीस जणांचा. रक्तात साखर वर्षानुवर्षं चढी राहिली, की ती सांध्याभोवतीच्या पिशवीच्या धाग्यांना चिकटत जाते. पिशवी जाड होते, आखडते. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. खूण सांगते. कोपरं कमरेला टेकवून हात समोर धर आणि कवाडं उघडावीत तसे बाहेर ने. धरलेला हात अर्ध्यात अडतो, दुसऱ्यानं धरून नेला तरी पुढे जात नाही.

माझी चूक तू करू नकोस. दुखतो म्हणून मी हात पोटाशी धरून बसले. ब्लाउजचा हूक, पाठ चोळणं, सगळं डाव्या हातावर टाकलं. चार महिन्यांत खांदा लाकडासारखा झाला आणि मोकळा व्हायला दीड वर्ष गेलं.

तुझ्या आजीचाही धरला होता. ती सकाळी ओट्याला डावा हात टेकून कमरेतून वाकायची, उजव्या हातात रिकामा तांब्या लोंबता धरायची आणि सावकाश झोका द्यायची. पुढे-मागे, मग गोल. ते तिच्याकडूनच घे. आंघोळ झाल्या झाल्या कर, अंग शेकलेलं असतं. मग भिंतीला तोंड करून बोटांनी पायरी पायरी वर चढ. दर रविवारी बोटं पोचतील तिथं पेन्सिलीची रेघ मार. आमच्या कॅलेंडरमागे अजून माझ्या अकरा रेघा आहेत. पहिली हनुवटीएवढी आहे, आणि पुढच्या तीन तिला जवळजवळ चिकटूनच. तेव्हा मला रडू यायचं. ताण लागेल इतकंच कर; दुखणं अर्ध्या तासात शमलं नाही, तर दुसऱ्या दिवशी कमी कर. कुणा मालीशवाल्याला झटका देऊ देऊ नकोस, हाड मोडतं.

कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. रात्री त्या कुशीवर नको, हाताखाली उशी घे. गरम पाण्याची पिशवी आधी दुसऱ्या कुणाच्या हाताला लावून बघ. साखरेमुळे माझ्या बोटांना चटका उशिरा कळतो, तुझ्याही बोटांचं तसंच असेल.

डॉक्टर खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतील. घाबरू नकोस, सुरुवातीच्या दुखण्यात त्यानं बराच आराम पडतो. पण मधुमेह आहे हे त्यांना आधी सांग. इंजेक्शननंतर साखर काही दिवस चढते. रोज तपास, गोळ्या-इन्शुलिनचं त्यांनाच विचार. तीन महिन्यांची साखरही काढून घे, थायरॉइडही बघायला सांग.

आणि एक, हे नीट ऐक. अचानक खांदा-हात भरून आला, घाम फुटला, धाप लागली, तर भिंत नको, तांब्या नको. तडक दवाखाना गाठ. आपल्यासारख्यांना छातीत कळ न येताही झटका येतो.

डावा खांदाही जप. माझा पहिला सुटला आणि तीन वर्षांनी दुसरा धरला, पण त्या वेळी मी पहिल्याच आठवड्यात तांब्या हातात घेतला होता.

रविवारी येते मी. पहिली रेघ आपण दोघी मिळून मारू. डबे मात्र आजच खालच्या फळीवर घे, स्टुलावर चढू नकोस.